चार रिकाम्या मात्रा

"थांबू नका, ज्याला जो सापडेल त्याच्याशी गिरकी घ्या," असं नाच पुकारणाऱ्या सिल्व्हीने माइकवरून सांगितलं, तेव्हाच हॉलिस पार्कहर्स्टला कळलं की आपण रचलेला नाच गेला.

तो हॉलच्या मागच्या भिंतीशी बाकावर बसला होता. समोर तीन लांब रांगांमध्ये ऐंशीएक माणसं होती आणि त्यातली निम्मी भलत्याच जागी उभी होती. कुणी हात पुढे करून तसंच राहिलं होतं, कुणी शेजारच्या रांगेत घुसलं होतं. एक जाडजूड गृहस्थ तर हसत हसत स्वतःभोवतीच फिरत होते. लोक चिडले नव्हते. काँट्रा, म्हणजे हा रांगांचा लोकनाच, नाचायला येणारी माणसं सहसा चिडत नाहीत, चुकलं तर हसतात, आणि ते हसणंच हॉलिसला जास्त लागलं. संगीत कसंबसं संपलं. टाळ्या वाजल्या, त्याही सांत्वनाला आल्यासारख्या. सिल्व्हीने मध्यंतर जाहीर केलं.

रविवारची दुपार होती, मार्च संपत आला होता. न्यू हॅम्पशायरच्या डोंगरातले रस्ते वितळत्या बर्फाने नुसता राडा झाले होते. वेस्ट हार्लोच्या टाउन हॉलच्या ओसरीत चिखलाने माखलेल्या बुटांची रास पडली होती, कारण आत यायचं तर पिशवीतून आणलेले स्वच्छ, मऊ तळव्यांचे बूट घालायचे हा इथला कडक नियम. लाकडी जमीन दीडशे वर्षांची आहे आणि गाव तिला माणसांपेक्षा जास्त जपतं.

नाच चौसष्ट मात्रांचा. दोन जोड्या समोरासमोर येतात, त्या चौसष्ट मात्रांत एकमेकांबरोबर ठरलेल्या चाली करतात, आणि शेवटच्या मात्रेला प्रत्येक जोडी एक घर पुढे सरकून नव्या जोडीसमोर उभी राहते. धून पुन्हा पहिल्यापासून, चाली त्याच, माणसं नवी. असं पंधरा-वीस वेळा. सगळी गंमत सांध्यांत असते. एका चालीने तुमचं वजन ज्या बाजूला टाकलं, तिथूनच पुढच्या चालीने ते उचललं पाहिजे. जो हात अडकलेला आहे तोच पुढच्या चालीने मागितला तर सगळं फसलं. पण सांधे जुळले की आठवावं लागत नाही, मागची चालच माणसाला पुढच्या चालीत नेऊन सोडते. हॉलिस गेली बावीस वर्षं हे सांधे जुळवत आला होता.

पोटापाण्यासाठी त्याने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. आरशातून एकदा बघितलं की चाळीस पोरं चिडीचूप व्हायची, पण माइक पुढे आला की हाच माणूस मागच्या बाकाकडे सरकायचा. म्हणून माइकवरून एकेक चाल सांगत त्याने स्वतः नाच कधी पुकारले नाहीत. तो नाच रचायचा, कार्डावर उतरवायचा आणि जो कोणी पुकारणारा असेल त्याला द्यायचा. अशी अडतीस कार्डं घरी बिस्किटांच्या डब्यात होती. बहुतेक नाच या हॉलमध्ये एकदोनदा झाले आणि डब्यात परतले. नाच जगतो तो एकाच तऱ्हेने. मध्यंतरात दुसऱ्या गावचा पुकारणारा येऊन म्हणतो, "हा उतरवून घेऊ का?" मग तो तिथे होतो, तिथून आणखी कुठे जातो. बावीस वर्षांत हॉलिसला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि त्याचं त्याने फारसं वाईटही वाटून घेतलं नव्हतं. पण या एका कार्डाचं तसं नव्हतं. त्याची बायको ओडेट दोन वर्षांपूर्वी गेली. त्याआधीच्या हिवाळ्यात दोघांनी मिळून रचलेला हा शेवटचा नाच होता. त्यानंतर त्याला एकही सुचला नाही. हा एवढा तरी या हॉलच्या बाहेर जावा, एवढंच त्याला हवं होतं.

हॉलच्या मागच्या स्वयंपाकघरात कॉफीच्या मोठ्या भांड्याखाली दिवा मिणमिणत होता. टेबलावर लोकांनी घरून भाजून आणलेल्या फळांच्या गोड पाई कापून ठेवल्या होत्या. आमोस टटलने आधीच सफरचंदाच्या पाईचा मोठा तुकडा वाढून घेतला होता. आमोस व्हायोलिन वाजवायचा. हॉलिसचा शाळेपासूनचा दोस्त, त्यामुळे त्याला तोंड आवरायची सवय नव्हती.

"आम्ही चौसष्ट वाजवल्या," तो म्हणाला. "तुझी माणसं साठातच घरी पोचली. चार मात्रा एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभी. एवढ्या वेळात तर माझं लग्न ठरलं होतं, लेका."

"आणि मोडलंही होतं," हॉलिस म्हणाला.

सिल्व्ही आर्सेनो कार्ड घेऊन आत आली. वय पस्तीस, गुरांच्या डॉक्टरकडे कामाला, दर महिन्याला इथे नाच पुकारायला उभी राहायची. लहानपणी ती हॉलिसच्याच बसने शाळेत जायची. खरं तर आज नाचणाऱ्यांपैकी निम्मे त्याच बसमधले होते. तिने कागदाचे चार पेले टेबलावर चौकोनात मांडले, दोन जोड्या म्हणून, आणि कार्डावर बोट ठेवून चाली फिरवायला लागली. पहिल्या अठ्ठेचाळीस मात्रांत तिला खोट दिसत नव्हती. शेजाऱ्याभोवती प्रदक्षिणा, मग त्याच्याशी गिरकी, रांगा पुढे-मागे, साखळी, वेणी, जोडीदाराशी गिरकी. सगळं लोण्यासारखं जात होतं आणि तसं ती मोकळेपणाने म्हणाली. अडत होतं ते शेवटच्या सोळांत. तिथे चौघांनी हात धरून डावीकडून पाऊण फेर घ्यायचा आणि मग जोडीदारांनी हातांची कमान करून, तिच्याखालून जागा बदलून नव्या जोडीकडे तोंड करायचं.

"पाऊण फेराला तुम्ही दहा मात्रा दिल्यात आणि कमानीला सहा," ती म्हणाली. "फेर आठात होतो. कमान चारात. मी दहाव्या मात्रेला हाक देते, तोवर निम्मे लोक कमान करून मोकळे झालेले असतात."

"ते घाई करतात."

"मिस्टर पार्कहर्स्ट," ती मुद्दाम जुन्या नावाने म्हणाली, "मी सहा वर्षं तुमच्या बसने गेले. बुटाची नाडी बांधायला खाली वाकले म्हणून एकदा तुम्ही मला सोडून निघून गेलात. आणि इथे ऐंशी माणसांना थांबवून ठेवताय?"

आमोस खाता खाता ठसकला. हॉलिसला मात्र हसू आलं नाही. हे मी कागदावर मांडलेलं नाही, असं तो जरा तिखटपणे म्हणाला. इतर लोक नाच पेल्यांनी आणि बरण्यांनी रचतात, मग तो माणसांना लागू होत नाही. मी माझा प्रत्येक नाच पायांनी चालून, मोठ्याने मोजून बघतो, हाही दहा वेळा मोजलाय, दर वेळी दहा आणि सहाच आले. याबाबतीत त्याला स्वतःचा अभिमान होता आणि तो गावाला माहीत होता.

सिल्व्हीने पेले गोळा केले. "कुणाच्या पायांनी मोजलंत?" तिने विचारलं.

तिने सहजच विचारलं होतं. विचारून झाल्यावर मात्र तिच्या लक्षात आलं, आणि आमोसनेही काटा खाली ठेवला. हॉलिस टेबलाची कड धरून उभा होता. ओडेट घरी अशीच टेबलाची कड धरून चालायची. तो धून गुणगुणत मोजायचा आणि ती चालायची, फरशीवर घासत घासत, उजवा पाय जरा उशिरा आणत. अकरा वर्षांपूर्वी वाचनालयाच्या पायऱ्यांवर बर्फावरून घसरून तिचा गुडघा गेला तो नीट झालाच नाही. तरी ती नाचायला यायची. रांगेच्या शेवटी उभी राहायची, दिवसाला दोनच नाच. शेवटाला असं की आपली पाळी येईपर्यंत एक फेरी थांबायला मिळतं.

काँट्रात ठोका म्हणून एक चाल असते, लोकांची सगळ्यात लाडकी. हात धरून एक पाऊल आत, पाय आपटायचा, एक पाऊल मागे, पुन्हा आपटायचा. चार मात्रा. ओडेटला ते आपटणं जमायचं नाही, कळ थेट कमरेपर्यंत जायची. म्हणून ठोका आला की ती आणि हॉलिस नुसते हात धरून एकमेकांकडे बघत उभे राहायचे आणि बाकीच्यांचं आपटून झालं की पुढे निघायचे. पुढे पुढे हॉलिसच्या नाचांतून ठोकाच गेला. त्याने तसं कधी ठरवलं नव्हतं. फेराला दोन मात्रा जास्त, कमानीला दोन जास्त, हेही कधी ठरवलं नव्हतं. नाडी बांधणाऱ्या पोरीसाठी अर्धा मिनिट न थांबणारा हा माणूस बायकोसाठी दर नाचात चार मात्रा थांबत गेला, आणि आपण थांबतो आहोत हे त्याच्या गावीही नव्हतं. ते त्याला आत्ता, स्वयंपाकघरात, दोन माणसांसमोर कळलं. त्याला लाज वाटली आणि लगेच तिची इतकी आठवण आली की त्याला खुर्ची ओढून बसावं लागलं.

"तिच्या मापाचा नाच आहे हा," सिल्व्ही हळू आवाजात म्हणाली. "अगदी अंगाबरोबर शिवलेला. पण हॉलिस, असाच तो मला पुन्हा नाही पुकारता येणार. लोक बिचकतात."

"मग राहू दे. डब्यात जाईल."

"त्या चार मात्रा काढून पुढे काही चिकटवू का?"

"नको," तो म्हणाला. "त्या नाही काढायच्या."

बाहेर पियानोवाला बोटं मोकळी करत होता. सिल्व्हीने कार्ड दिव्याजवळ धरलं. कार्डावरचं अक्षर ओडेटचं होतं, कारण हॉलिसचं अक्षर त्याचं त्यालाच लागत नसे. मग तिने एक सुचवलं. नाच आणखी एकदा घ्यायचा, अक्षरही न बदलता. फक्त शेवटच्या सोळांत ती फेराची हाक देईल आणि मग तोंड उघडणार नाही. लोक काय करतात ते बघायचं. पुन्हा मोडला तर कार्ड हॉलिसचं, आणि विषय संपला.

"तुझ्या नाचाला आज दुसऱ्यांदा आपटायचंय का?" आमोसने विचारलं. हॉलिस उठून हॉलकडे निघाला.

तो या वेळी स्टेजच्या बाजूच्या पायरीवर उभा राहिला. तिथून तिन्ही रांगा शेवटापर्यंत दिसतात. मघाचाच नाच पुन्हा म्हटल्यावर थोडी कुजबुज झाली. नदीपलीकडून, व्हर्माँटमधून मार्गो नावाची एक बाई नाचायला आली होती. ती स्वतःही पुकारणारी, मघा याच नाचात ती दोनदा चुकीच्या रांगेत जाऊन पोचली होती. तिने जोडीदाराला काहीतरी सांगून बाह्या सरसावल्या. आमोसने चार मात्रा दिल्या आणि धून सुरू झाली.

पहिल्या तीन फेऱ्या मघासारख्याच गेल्या. फेर आठात संपला, काहींनी कमान उरकून टाकली, काही हात धरून सिल्व्हीकडे बघत राहिले. सिल्व्ही ओठ मिटून उभी. हॉलिसने एकदा पायरी उतरून निघून जायचा विचार केला.

चौथ्या फेरीला मधल्या रांगेच्या मध्यावर कॉलेजातली दोन मुलं आणि त्यांच्यासमोर एक म्हातारं जोडपं होतं. चौघांचा फेर संपला. हात हातात, धून चालू, हाक नाही आणि चार मात्रा मोकळ्या. काँट्रा नाचणाऱ्याच्या पायांना मोकळ्या चार मात्रा मिळाल्या तर ते काय करतील हे खरं तर हॉलिसला सगळ्यांत आधी कळायला हवं होतं. चौघांनी पाऊल आत टाकलं आणि आपटलं. मागे आले आणि आपटलं. आणि मागे आल्यामुळे हात ताणले गेले होते, ते ताणलेले हातच त्यांना ओढून कमानीखालून घेऊन गेले. कमान बरोबर चौसष्टाव्या मात्रेला सुटली. समोर नवी जोडी हजर होती.

आता हे फक्त चौघांनी केलेलं. पण त्यांतली एक जोडी एक घर खाली गेली, दुसरी एक घर वर. पुढच्या फेरीला त्या दोन्ही जोड्यांनी आपापल्या नव्या शेजाऱ्यांबरोबर ठोका दिला, कारण आता त्यांना तो तिथेच आहे असं वाटत होतं. त्याच्या पुढच्या फेरीला चार घेरांत झाला. मग अख्ख्या रांगेत. कुणी कुणाला सांगत नव्हतं, सांगायला वेळच नव्हता, फक्त हातातून हातात जात होतं. शेजारच्या रांगांनी आवाज ऐकला आणि त्यांच्या पायांनाही तेच सुचलं. हॉलिसने या हॉलमध्ये चाळीस वर्षं नाच पाहिले होते, पण अशी गोष्ट पहिल्यापासून शेवटापर्यंत डोळ्यांसमोर घडताना कधी पाहिली नव्हती. नवव्या फेरीला ऐंशीच्या ऐंशी माणसांनी एका क्षणी पाऊल आत टाकलं.

दीडशे वर्षांची जमीन वाजली. पायरीतून तो ठोका हॉलिसच्या तळव्यांत आला आणि गुडघ्यांपर्यंत चढला. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. मग दुसरा ठोका, मग वीस घेर एकदम उसवले, चाळीसच्या चाळीस कमानी उभ्या राहिल्या आणि माणसं खालून निघाली, आणि पलीकडे धून नव्याने सुरू होईतो प्रत्येकासमोर एक चेहरा तयार होता. कुठे खाच नाही, कुठे सांधा दिसत नाही. आमोस डोळे मिटून वाजवत होता. पियानोवाल्याने ठोक्याच्या जागी खालच्या पट्टीत दणका द्यायला सुरुवात केली होती. लोक हसत होते, पण मघासारखं नाही.

हॉलिसला पहिल्यांदा राग आला हे खरं आहे. त्या जागा ओडेटच्या होत्या. तिला जी एक गोष्ट जमत नव्हती, नेमकी तीच या लोकांनी तिच्या जागी आणून बसवली होती, आणि तीही इतक्या आनंदाने. पुढच्या फेरीला तो ठोका पुन्हा आला आणि राग टिकला नाही. आपण जे रचलं त्यात हे होतं आणि आपल्याला दिसलं नाही. तिने उशिरा टाकलेल्या पावलांनी बरोबर चार मात्रांची जागा राखली होती, ना एक कमी ना एक जास्त, आणि त्या जागेत ऐंशी माणसं मावत होती. हे कुणी केलं म्हणायचं ते त्याला कळेना. त्याने केलं नव्हतं. सिल्व्हीने तर तोंडही उघडलं नव्हतं. तो पायरीवर हात जोडल्यासारखे छातीशी धरून उभा होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते पुसायचं भानही त्याला राहिलं नाही.

नाच संपला आणि टाळ्या वाजल्या. या टाळ्या निराळ्या होत्या. लोक एकमेकांना सोडायला तयार नव्हते. सिल्व्हीने माइकवर नाच रचणाऱ्याचं नाव घेतलं, तेव्हा बसमधली जुनी पोरं आता टक्कल पडलेल्या डोक्यांनिशी ओरडायला लागली. हॉलिसने हात वर केला, तिच्याकडून कार्ड घेऊन खिशात टाकलं आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन बसला.

मार्गो त्याच्या मागोमाग आली. कपाळावर घाम, हातात छोटी वही. तिने त्याच्याशी हात मिळवला, आपलं नाव सांगितलं, आणि विचारलं, "हा उतरवून घेऊ का? पुढच्या आठवड्यात माझ्याकडे नाच आहे."

बावीस वर्षांत या प्रश्नाची उत्तरं हॉलिसने बसच्या स्टिअरिंगवर बरीच तयार केली होती, त्यांतलं एकही आठवेना. त्याने खिशातून कार्ड काढून तिच्या हातात दिलं. ती भराभर उतरवत शेवटच्या ओळीपर्यंत आली आणि थांबली.

"इथे ठोका लिहिलेला नाही," ती म्हणाली. "दहा आणि सहा लिहिलंय. चुकून का?"

"नाही," हॉलिस म्हणाला. "चुकून नाही."

बाहेर शेवटच्या वॉल्ट्झचे सूर निघाले होते आणि जोड्या जमत होत्या. हॉलिसने पाईची ताटली टेबलावरून बाजूला सरकवली, उभा राहिला आणि दोन्ही हात पुढे केले. मार्गोने वही काखेत धरून ते हात हातात घेतले. त्याने पाऊल पुढे टाकलं आणि पाय आपटला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. हळूच आपटायला गेला होता, पण आवाज मोठा झाला, कपाटातले पेले किणकिणले. मग मागे, पुन्हा एकदा.

"फेर झाला की हा," तो म्हणाला. "जोरात. मागे येताना हात ताणले गेले पाहिजेत, मग कमान आपोआप होते. आठ, चार आणि चार लिही."

मार्गोने लिहून घेतलं. मग पुन्हा कार्डाकडे बोट केलं. "यावरही दुरुस्त करायचं का? माझ्याकडे खोडरबर आहे."

हॉलिसने कार्ड तिच्या हातातून हलकेच काढून घेतलं. ओडेटचा दहाचा आकडा नेहमीसारखा थोडा उजवीकडे झुकलेला होता.

"ते राहू दे," तो म्हणाला. "ते आमच्या घरचं माप आहे."

त्याने कार्ड शर्टाच्या खिशात ठेवलं, बटण लावलं, आणि आम्हा दोघांच्या नावांचं स्पेलिंग नीट लिहून घे म्हणून तिला एकेक अक्षर सांगायला लागला.